लिंडन जॉन्सन : सुधारणा आणि त्यांचा हिशेब

१९६५ सालच्या जुलै महिन्याच्या अखेरीस अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने दोन मोठी पावले टाकली. २८ जुलै रोजी दुपारच्या पत्रकार परिषदेत त्यांनी जाहीर केले की, व्हिएतनाममधील अमेरिकन सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेण्यात येईल. ३० जुलै रोजी ते मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी गेले आणि माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या साक्षीने वृद्धांच्या आरोग्यविम्याच्या, म्हणजे ‘मेडिकेअर’च्या, कायद्यावर त्यांनी सही केली. या दुसऱ्या निर्णयाला लागणारा पैसा कोठून येणार, हे कायद्यातच लिहिलेले होते. पहिल्याला लागणारा पैसा कोठून येणार, याविषयी मात्र अध्यक्षांनी मौन पाळले. जॉन्सन यांच्या कारकिर्दीचे यश आणि अपयश या एका भेदात सामावलेले आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आपल्याकडे केनेडी यांच्याविषयी आजही जिव्हाळ्याने बोलले जाते. जॉन्सन यांचे नाव निघाले की व्हिएतनामवरील बॉम्बवर्षावापलीकडे फारसे काही आठवत नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यानंतर देशांतर्गत सुधारणांचे एवढे मोठे काम दुसऱ्या कोणत्याही अमेरिकन अध्यक्षाच्या हातून झालेले नाही, हे त्यामुळे विसरले जाते. मग एवढे काम करणाऱ्या माणसाला पाच वर्षांत राजकारणातून बाहेर का पडावे लागले? या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्यांच्या स्वभावात शोधले जाते. त्यांचा अहंकार, सत्तेची हाव, बुद्धिजीवींविषयीचा न्यूनगंड या साऱ्यांवर चरित्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला त्याहून साधे असे एक कारण दिसते. सुधारणेची किंमत जनतेसमोर मांडून ती मिळवण्याची कला जॉन्सन यांना अवगत होती. युद्धाची किंमत मात्र त्यांनी जनतेपासून लपवली, आणि लपवलेल्या किमतीची वसुली अखेर सुधारणांकडूनच झाली.

कोटुलाचा मास्तर

जॉन्सन यांचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ रोजी टेक्सास राज्यात, पेडर्नालेस नदीकाठच्या स्टोनवॉल या गावाजवळ झाला. वडील सॅम जॉन्सन हे राज्याच्या विधिमंडळाचे सभासद होते. लोकांच्या कामांत रमणारे, पण व्यवहारात पडते. पहिल्या महायुद्धानंतर कापसाचे भाव कोसळले तेव्हा शेतीसाठी काढलेल्या कर्जाने ते बुडाले आणि मानाने वावरणारे कुटुंब उधारीवर दिवस काढू लागले. प्रतिष्ठा किती लवकर जाते आणि दारिद्र्य माणसाला किती ओशाळे करते, हे मुलाने लहान वयातच पाहिले.

सॅन मार्कोस येथील शिक्षक-महाविद्यालयात शिकत असताना पैशाअभावी त्यांनी १९२८ मध्ये शिक्षणात खंड पाडला आणि दक्षिण टेक्सासमधील कोटुला या गावी शिक्षकाची नोकरी धरली. ज्या वेलहाउसेन शाळेत ते शिकवत, तेथील मुले मेक्सिकन वंशाच्या गरीब कुटुंबांतील होती. त्यांतील कित्येक उपाशीपोटी शाळेत येत. वीस वर्षांच्या या मास्तरांनी मुलांना इंग्रजी शिकवले, वादविवादाची गोडी लावली आणि स्वतःच्या पगारातून त्यांच्यासाठी खेळाचे साहित्य आणले. मतांसाठी सांगितलेली कहाणी म्हणून कोणी याकडे संशयाने पाहू शकेल. पण १५ मार्च १९६५ रोजी कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी अमेरिकेच्या काँग्रेससमोर, म्हणजे तेथील संसदेसमोर, भाषण करताना जॉन्सन यांनी याच मुलांची आठवण काढली, आणि त्यानंतर पाच महिन्यांच्या आत तो कायदा करून दाखवला. आठवणीमागे कृती असली की संशयाला फारशी जागा उरत नाही.

१९३१ मध्ये एका प्रतिनिधीचे चिटणीस म्हणून ते वॉशिंग्टनला गेले. १९३४ मध्ये त्यांचा विवाह झाला; पत्नी क्लॉडिया टेलर पुढे ‘लेडी बर्ड’ या नावानेच ओळखल्या गेल्या. महामंदीच्या त्या काळात रूझवेल्ट सरकारने तरुणांसाठी जी राष्ट्रीय संस्था काढली, तिचे टेक्सासमधील संचालकपद १९३५ मध्ये जॉन्सन यांना मिळाले. वयाच्या सव्विसाव्या वर्षी ते देशातील सर्वांत तरुण राज्य-संचालक ठरले. अर्धवेळ काम देऊन विद्यार्थ्यांचे शिक्षण चालू ठेवणे, हे या संस्थेचे एक मुख्य कार्य होते. १९३७ च्या पोटनिवडणुकीत ते प्रतिनिधिगृहात निवडून आले.

त्यांच्या मतदारसंघातील डोंगराळ भागात तेव्हा वीज नव्हती. घरे विरळ असल्यामुळे तारा टाकणे खाजगी कंपन्यांना परवडत नव्हते. शेतकऱ्यांच्या बायका विहिरीचे पाणी ओढून आणत आणि चुलीवर तापवलेल्या जड लोखंडी इस्त्रीने कपडे इस्त्री करत. ग्रामीण विद्युतीकरणाच्या सरकारी योजनेतून कर्ज मिळवण्यासाठीही घरांची किमान दाटी असावी लागे, आणि ती अट येथे पुरी होत नव्हती. जॉन्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये खटपट करून ही अडचण दूर केली. पेडर्नालेस वीज सहकारी संस्था उभी राहिली आणि तिसाव्या दशकाच्या अखेरीस तेथे दिवे लागले. बाजारपेठेला जे परवडत नाही, ते समाजाला परवडते का, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या वर्गात आपण तात्त्विक म्हणून शिकवतो. जॉन्सन यांनी त्याचे उत्तर आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरांत पाहिले होते.

सत्तेची साधना

या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. १९४१ मध्ये सिनेटच्या निवडणुकीत १,३११ मतांनी हरलेले जॉन्सन १९४८ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत केवळ ८७ मतांनी जिंकले. मतदानाला काही दिवस उलटून गेल्यावर एका मतपेटीच्या यादीत सुमारे दोनशे नावांची भर पडली, आणि ती नावे एकाच हाताने, एकाच शाईने, वर्णानुक्रमाने लिहिलेली आढळली. या विजयावरचा डाग कधी पुसला गेला नाही. प्रतिनिधिगृहात आणि सिनेटमध्ये दक्षिणेकडील राज्यांच्या इतर सभासदांप्रमाणेच त्यांनी वीस वर्षे नागरी हक्कांच्या विधेयकांना विरोधही केला होता.

१९५५ मध्ये ते सिनेटमधील बहुमतवाल्या पक्षाचे नेते झाले. समोरच्या माणसाला काय हवे आहे आणि त्याला कशाची धास्ती वाटते, हे हेरून त्याप्रमाणे आर्जव, आमिष किंवा दटावणी वापरण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. १९५७ चा नागरी हक्क कायदा त्यांनी याच कौशल्याने संमत करून घेतला. तो दुबळा होता हे खरे. परंतु दक्षिणेतील अमेरिकन यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा काळ संपल्यापासून असा एकही कायदा झाला नव्हता, हेही तितकेच खरे आहे. १९६१ मध्ये ते उपाध्यक्ष झाले आणि २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डल्लासमध्ये केनेडी यांची हत्या झाल्यावर परतीच्या विमानातच त्यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली.

अध्यक्ष झाल्यावर त्यांनी पहिली लढाई लढली ती अंदाजपत्रकाची. केनेडी यांनी मांडलेले करकपातीचे विधेयक सिनेटच्या वित्त समितीत अडले होते. समितीचे अध्यक्ष हॅरी बर्ड हे काटकसरीचे कट्टर पुरस्कर्ते. सरकारी खर्च शंभर अब्ज डॉलरच्या आत आणल्याखेरीज ते विधेयक पुढे सरकू देणार नव्हते. जॉन्सन यांनी प्रत्येक खात्याच्या मागण्यांना कात्री लावून ९८ अब्जांच्या आतले अंदाजपत्रक बर्ड यांच्यापुढे ठेवले. फेब्रुवारी १९६४ मध्ये विधेयक संमत झाले. उत्पन्नकराचा सर्वोच्च दर ९१ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ७० टक्क्यांवर आला. कारखान्यांची उत्पादनशक्ती आणि माणसांचे हात तेव्हा रिकामे होते. वाढलेल्या मागणीने ते कामाला लागले. १९६३ मध्ये ५.७ टक्के असलेली बेकारी १९६५ मध्ये ४.५ टक्क्यांवर आली आणि भाव मात्र फारसे वाढले नाहीत. आकड्यांचे महत्त्व आणि आकडे उघड करण्यातील सामर्थ्य हा अध्यक्ष पुरेपूर जाणून होता, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

दोन वर्षांतील कायदे

८ जानेवारी १९६४ रोजी त्यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले. २ जुलै रोजी नागरी हक्क कायद्यावर सही झाली. हॉटेले, नाट्यगृहे, नोकऱ्या यांतील वर्णभेद या कायद्याने बेकायदा ठरला. दक्षिणेच्या सिनेटरांनी अखंड भाषणे करून सभागृह अडीच महिने रोखून धरले होते. १० जून रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी ती चर्चा बंद करण्यात आली. नागरी हक्कांच्या विधेयकावर सिनेटमध्ये असे प्रथमच घडले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत जॉन्सन यांनी ६१ टक्के मते मिळवून बॅरी गोल्डवॉटर यांचा पराभव केला आणि काँग्रेसमध्येही त्यांच्या पक्षाला भक्कम बहुमत मिळाले.

मग १९६५ उजाडले. एप्रिलमध्ये प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणाचा कायदा झाला. गरीब मुलांची संख्या पाहून शाळांना केंद्रीय मदत देण्याचे तत्त्व त्यात होते, आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम ठरवण्यात आली. त्यावर सही करण्यासाठी जॉन्सन स्टोनवॉलजवळच्या, आपण जेथे पहिले धडे गिरवले त्या शाळेत गेले आणि आपल्या पहिल्या शिक्षिकेला त्यांनी शेजारी बसवले. जुलैमध्ये मेडिकेअर आणि गरिबांसाठीचे मेडिकेड आले. ६ ऑगस्ट रोजी मताधिकाराचा कायदा झाला. नोव्हेंबरमध्ये उच्च शिक्षणाच्या कायद्यावर त्यांनी सॅन मार्कोसच्या आपल्या जुन्या महाविद्यालयात सही केली. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना आणि कर्जांना या कायद्याने सरकारी आधार दिला.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला झालेला स्थलांतराचा कायदा आपल्या परिचयाच्या घरांपर्यंत येऊन पोहोचला. १९४६ पासून भारतीयांना अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी वर्षाला केवळ १०० जागा होत्या. वंशावर आधारलेले हे वाटप रद्द झाले आणि कौशल्य व कुटुंबसंबंध हे निकष आले. भारतासारख्या देशांसाठी वर्षाला २० हजारांची मर्यादा ठरली. पुण्या-मुंबईचे डॉक्टर आणि इंजिनिअर साठीच्या दशकाच्या अखेरीपासून ज्या वाटेने गेले, ती या कायद्याने खुली केली. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांचा विस्तार त्यानंतरचा आहे. गंमत अशी की, सही करताना खुद्द जॉन्सन यांनी हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे, असेच सांगितले होते.

तोफा आणि लोणी

एखाद्या देशाने आपली साधनसामग्री तोफांवर खर्च करावी की लोण्यावर, हे उदाहरण अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असते. साधने मोकळी असतील तर दोन्ही थोडे थोडे वाढवता येते. ती सगळी कामाला लागली असतील तर एक वाढवण्यासाठी दुसरे कमी करावे लागते. १९६५ च्या अखेरीस अमेरिकेची अर्थव्यवस्था याच दुसऱ्या अवस्थेला पोहोचली होती. १९६६ मध्ये बेकारी ३.८ टक्क्यांपर्यंत खाली आली. करकपातीच्या वेळी ज्या रिकाम्या हातांनी वाढीव मागणी पेलली, ते हात आता उरलेले नव्हते. अशा वेळी व्हिएतनामचा खर्च वाढत चालला, तर त्याला मार्ग तीनच होते : कर वाढवणे, अन्य खर्च कमी करणे, किंवा भाववाढ सोसणे.

सल्लागारांनी अध्यक्षांना अंधारात ठेवले होते असे मुळीच नाही. आर्थिक सल्लागार मंडळाचे अध्यक्ष गार्डनर ॲक्ली यांनी १९६५ च्या डिसेंबरातच करवाढीची गरज त्यांच्या कानांवर घातली होती. त्याच महिन्यात मध्यवर्ती बँकेचे प्रमुख विल्यम मॅक्चेस्नी मार्टिन यांनी व्याजाचा दर चार टक्क्यांवरून साडेचारवर नेला. त्यावर जॉन्सन यांनी मार्टिन यांना टेक्सासमधील आपल्या शेतावर बोलावून घेतले आणि आपली नाराजी स्पष्ट केली. जानेवारी १९६६ मध्ये त्यांनी काँग्रेसला ग्वाही दिली की, व्हिएतनाममध्ये लढत असतानाही देशातील सुधारणा चालू ठेवण्याची ताकद राष्ट्रापाशी आहे. पुढच्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात युद्धाचा खर्च सुमारे दहा अब्ज डॉलर धरला होता आणि त्यामागे युद्ध जून १९६७ अखेर संपेल, असे गृहीत होते. खर्च जवळजवळ दुप्पट झाला. युद्ध तर संपलेच नाही.

हे मौन कशासाठी होते? जॉन्सन यांनी निवृत्तीनंतर आपल्या चरित्रलेखिका डोरिस कर्न्स यांच्यापाशी त्याचा उलगडा केला. युद्धाची खरी किंमत सांगितली असती, तर काँग्रेसमधील सनातन्यांनी प्रथम सुधारणांचाच बळी मागितला असता, अशी भीती त्यांना होती. ही भीती निराधार म्हणता येणार नाही. अनेक सहृदय टीकाकारांनी या कारणासाठी त्यांना क्षमाही केली आहे. सत्य सांगितले असते तर वृद्धांना औषधपाणी आणि गरीब मुलांना शाळा मिळालीच नसती, मग थोड्या लपवाछपवीने काय बिघडले, असा हा युक्तिवाद आहे.

तो तपासून पाहिला पाहिजे. ॲक्ली यांचा सल्ला आला तेव्हा मताधिकार, मेडिकेअर, शिक्षण आणि स्थलांतर हे कायदे होऊन गेले होते. त्या वर्षीचे काँग्रेसचे अधिवेशन ऑक्टोबरातच संपले होते. यापुढे धोका कायद्यांना नव्हता. धोका होता दरवर्षी मंजूर व्हाव्या लागणाऱ्या रकमांना. लपवाछपवीने त्या रकमा तरी वाचल्या का? दारिद्र्यनिर्मूलनाच्या कार्यालयाला वर्षाला दीड-पावणेदोन अब्ज डॉलरच्या पुढे फारसे कधी मिळाले नाही. त्याच वेळी युद्धावर वर्षाला वीस अब्ज आणि त्याहूनही अधिक खर्च होत होता. १९६६ च्या निवडणुकीत जॉन्सन यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातील ४७ जागा गमावल्या. एप्रिल १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी हे युद्ध गरिबांचे शत्रू आहे, असे जाहीरपणे सांगितले. नागरी हक्कांच्या लढाईतील सहकारीच आता समोर उभा राहिला होता.

जॉन्सन यांनी १९६७ च्या जानेवारीत सहा टक्के आणि ऑगस्टमध्ये दहा टक्के कर-अधिभार मागितला, पण तोपर्यंत त्यांच्या शब्दाचे मोल घटले होते. प्रतिनिधिगृहाच्या कर समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी अट घातली की, कर हवा असेल तर आधी खर्च कमी करा. जून १९६८ मध्ये दहा टक्के अधिभार मंजूर झाला, पण त्यासोबत सहा अब्ज डॉलरची खर्चकपातही मान्य करावी लागली. त्या आर्थिक वर्षाची तूट २५ अब्ज डॉलरवर गेली होती. भाववाढीचा दर १९६५ मध्ये १.६ टक्के होता; १९६८ मध्ये तो ४.२ आणि १९६९ मध्ये ५.५ टक्के झाला. सत्तरच्या दशकातील चलनवाढीचे सारे खापर जॉन्सन यांच्या माथी फोडणे योग्य नाही. त्यांच्यानंतरच्या सरकारांची धोरणे आणि १९७३ चा तेलाचा भडका यांचाही त्यात वाटा आहे. पण त्या आगीची पहिली ठिणगी १९६६ मधली, हे नाकारता येत नाही.

जो कर अध्यक्ष मागत नाही, तो भाववाढीच्या रूपाने बाजार वसूल करतो. या करावर संसदेत चर्चा होत नाही, त्याला उत्पन्नाची मर्यादा नसते, आणि ठराविक पगारावर जगणाऱ्यांना तो सर्वाधिक झोंबतो. याहून गंभीर हानी दुसरीच होती. युद्धासाठी म्हणून १९६६ मध्ये उघडपणे कर मागितला असता, तर प्रत्येक अमेरिकन नागरिकाने विचारले असते की, हे युद्ध आपण का लढत आहोत? तो प्रश्न वेळेवर विचारला गेला असता, तर कदाचित काही हजार अमेरिकन आणि लाखो व्हिएतनामी माणसे वाचली असती. १९६८ च्या अखेरीस व्हिएतनाममध्ये पाच लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक होते.

भारताला सांगितलेली किंमत

दुसऱ्याला किंमत मोजायला लावताना हेच जॉन्सन फार काटेकोर असत, याचा अनुभव भारताने घेतला. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे आपल्याकडे पावसाने दगा दिला. पी. एल. ४८० या कायद्याखाली रुपयांत मिळणाऱ्या अमेरिकन गव्हावर आपली रेशनची दुकाने अवलंबून होती. जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार करण्याचे थांबवले आणि थोडा थोडा गहू, तोही स्वतःच्या संमतीने, पाठवण्याचे धोरण धरले. शेतीकडे दुर्लक्ष करण्याची किंमत भारताने स्वतः मोजावी, खते, सुधारित बियाणे आणि शेतकऱ्याला मिळणारा भाव यांवर पैसा खर्च करावा, असा त्यांचा आग्रह होता. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे अन्नमंत्री सी. सुब्रह्मण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांच्यात याच धर्तीवर समझोता झाला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. त्यामागेही जागतिक बँकेचा आणि अमेरिकेचा दबाव होता.

शेतीविषयीचा हा उपदेश चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. सुब्रह्मण्यम यांनाही नेमक्या याच गोष्टी हव्या होत्या आणि पुढच्या हरितक्रांतीची दिशा तीच होती. पण व्हिएतनामवरील बॉम्बवर्षावाला भारताने विरोध दर्शवताच वॉशिंग्टनची नाराजी वाढली, आणि भुकेल्या देशाच्या धान्याची सांगड राजकारणाशी घातली गेली. ज्या वर्षी जॉन्सन दिल्लीकडून कठोर आर्थिक शिस्तीची अपेक्षा करत होते, त्याच वर्षी ते स्वतःच्या मतदाराला करवाढीची गोष्ट सांगण्याचे टाळत होते, ही विसंगती आपल्या इतिहासकारांनी अधिक ठळकपणे मांडायला हवी.

काय टिकले, काय विरले

३१ मार्च १९६८ रोजी रात्री दूरचित्रवाणीवरून बोलताना आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही, असे जॉन्सन यांनी जाहीर केले. चारच दिवसांनी किंग यांची हत्या झाली. त्या दुःखाच्या वातावरणात घरांच्या विक्रीतील आणि भाड्यातील वर्णभेदाला बंदी करणारा कायदा त्यांनी संमत करून घेतला. त्यांच्या सुधारणांपैकी हा शेवटचा मोठा कायदा ठरला. १९६९ च्या जानेवारीत ते टेक्सासला परतले आणि २२ जानेवारी १९७३ रोजी आपल्या शेतावरच त्यांचे निधन झाले. पाचच दिवसांनी पॅरिसमध्ये व्हिएतनामविषयक शांतता करारावर सह्या झाल्या.

त्यांच्या कार्याचा आज ताळेबंद मांडला तर एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. मेडिकेअर टिकले. रुग्णालयाच्या खर्चासाठी पगारातून होणारी कपात कायद्याने ठरवून दिली होती. १९६६ मध्ये कामगाराकडून ०.३५ टक्के आणि तितकीच मालकाकडून. डॉक्टरांच्या फीसाठीच्या विम्याला वृद्धाने महिन्याला तीन डॉलर भरायचे आणि तितकेच सरकारने घालायचे, असे ठरले होते. ही रचना ज्यांनी केली ते विल्बर मिल्सच होते. पुढे युद्धाचा हिशेब मागत अध्यक्षांना अडवून धरणारेही तेच. आपण कशासाठी पैसे देतो हे लोकांना ठाऊक असल्यामुळे मेडिकेअर रद्द करण्याचे धाडस कोणत्याही पक्षाला झाले नाही. आज सहा कोटींहून अधिक लोक त्याचा लाभ घेतात. याच योजनेच्या पैशाची अट घालून दक्षिणेतील हजारो रुग्णालयांतील वर्णभेद १९६६ च्या काही महिन्यांत मोडून काढता आला, हे तर तिचे विशेष श्रेय आहे.

याउलट, दारिद्र्याविरुद्धच्या युद्धाला स्वतःचे उत्पन्न नव्हते. दरवर्षी उरल्यासुरल्या रकमेतून त्याला काहीतरी मिळे. ते चालवणारे कार्यालय सत्तरच्या दशकात मोडीत निघाले. बालवाडीतील गरीब मुलांसाठीच्या ‘हेड स्टार्ट’सारख्या काही योजना इतर खात्यांच्या आश्रयाने टिकून राहिल्या. तरीही दारिद्र्यरेषेखालील अमेरिकनांचे प्रमाण १९६४ मधील १९ टक्क्यांवरून १९६९ मध्ये १२.१ टक्क्यांपर्यंत घसरले. ही घट अंशतः वाढत्या रोजगाराची आणि अंशतः या धोरणांची होती. हात आखडता घेतला नसता तर आणखी काय साधले असते, याची कल्पना यावरून करता येते. मताधिकाराच्या कायद्याचे भवितव्य न्यायालयांच्या हाती गेले; २०१३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने त्याची बरीच धार बोथट केली.

सुधारणावादी राज्यकर्त्यावर प्रेम करणाऱ्यांनी यावरून एक बोध घ्यावा असे वाटते. अशा नेत्याच्या हिशेबाकडे कानाडोळा करण्याचा मोह आपल्याला होतो. हेतू चांगला आहे, मग आकड्यांचा कीस कशाला काढायचा, असे आपण म्हणतो. आणि आकड्यांचा कीस काढणाऱ्याला गरिबांचा वैरी ठरवून मोकळे होतो. १९६६ मध्ये अमेरिकेतील पुष्कळ उदारमतवाद्यांनी तेच केले. जॉन्सन यांना तेव्हा खरी गरज होती ती ‘हा पैसा कोठून येणार’ असे जाहीरपणे आणि पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या मित्रांची. तो प्रश्न मित्रांनी विचारला नाही म्हणून दोन वर्षांनी विरोधकांनी विचारला, आणि त्याचे उत्तर म्हणून सहा अब्ज डॉलरची कात्री लावून घेतली. ती कात्री ज्यांच्यावर चालली, त्यांत कोटुलाच्या शाळेत उपाशीपोटी येणाऱ्या मुलांसारखीच मुले होती.